बुद्धीचे माप आणि मापाडी

(पुण्यात कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाजार समितीत धान्य घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. काटा कोणाचा, वजने कोणी तपासली आणि मापाडी कोणाच्या बाजूचा, हे विचारल्याखेरीज पोत्याच्या वजनाचा आकडा तो खरा मानीत नाही. शाळेच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण उंबरठ्याबाहेर ठेवून आत जातो. दहा वर्षांच्या मुलाच्या अगर मुलीच्या बुद्धीला कोणी एक आकडा चिकटवला, की तो निसर्गानेच लिहून पाठवला आहे अशा श्रद्धेने आईबाप, शिक्षक आणि पुष्कळदा पुरोगामी कार्यकर्तेही तो स्वीकारतात. हा आकडा कसा निघतो, तो काढण्याच्या रीतीत स्त्री-पुरुष भेद कोठे दडलेला असतो आणि मुलांच्या वाचनक्षमतेशी त्याचा काय संबंध आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा विचार पुण्यात होणे योग्यच आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यात आहे. पाठ्यपुस्तके काढणारे मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, १९६७ पासून पुण्यात आहे. महाराष्ट्रातील मुलांनी काय वाचावे आणि त्यांची परीक्षा कशी व्हावी, याचे निर्णय या शहरात होतात. शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मराठी घराला ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा शब्द ठाऊक आहे. अनेक दशके ही परीक्षा चौथी आणि सातवीच्या वर्गांना होती. २०१७ पासून ती पाचवी आणि आठवीच्या वर्गांना घेतली जाऊ लागली. भाषा आणि गणित यांच्या जोडीने ‘बुद्धिमत्ता’ हा जणू एक स्वतंत्र विषयच असून त्याचे गुण देता येतात, ही कल्पना या परीक्षेने गावोगाव पोचवली.

मुलींच्या बुद्धीविषयीचा वाद पुण्याला नवा नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखांविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. मुलींना, त्यातही अस्पृश्य मानलेल्या मुलींना, विचार करता येतो की नाही या प्रश्नाचे उत्तर त्या निबंधाने देऊन टाकले होते. १८८२ साली ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा ग्रंथ पुण्यातच छापला गेला. स्त्रीच्या अंगी म्हणून जे दोष सांगितले जातात ते पुरुषाच्या अंगी नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

१८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा वादाने निराळे वळण घेतले. त्या दशकात टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. मुलींचे शिक्षण गृहकृत्याला पूरक असावे, शाळेच्या वेळा घरकामाच्या आड येऊ नयेत, असा त्या टीकेचा सूर होता. मुलींना बुद्धी आहे की नाही हा मुद्दा तोवर मागे पडला होता. ती बुद्धी कोणत्या कामी लावावी आणि कोठवर वाढू द्यावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा नवा मुद्दा झाला. पुढे बुद्धिमापनाचे शास्त्र आले तरी हा मुद्दा सुटला नाही. तो आकड्यांच्या भाषेत मांडला जाऊ लागला, इतकेच.

या शास्त्राचा उगम फार सद्हेतूने झाला, हे प्रथम नमूद केले पाहिजे. फ्रान्समध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण आल्यावर ज्या मुलांना वर्गाबरोबर चालणे जड जाते त्यांना ओळखून जादा मदत द्यावी, या हेतूने आल्फ्रेड बिने यांनी सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली पहिली चाचणी तयार केली. मुलाची बुद्धी जन्मतः ठरलेली असते आणि ती वाढत नाही, या मताला बिने यांचा स्पष्ट विरोध होता. चाचणी हे त्यांच्या दृष्टीने मदतीचे साधन होते.

ही चाचणी अमेरिकेत गेल्यावर तिचा नूर पालटला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुइस टर्मन यांनी १९१६ साली तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली आणि बुद्ध्यंक हा शब्द घरोघर पोचला. त्याच १९१६ साली महर्षी कर्व्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. टर्मन यांच्या पाहणीत मुलींचा बुद्ध्यंक बहुतेक वयांत मुलांहून किंचित वरचढ निघाला. मग विद्वान, शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी यांच्या यादीत स्त्रिया इतक्या थोड्या का? टर्मन यांनी त्याचे कारण संधीच्या अभावात शोधले. बुद्धीत उणे नसताना स्त्रिया मागे राहतात त्या परिस्थितीमुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

येथवर कोणीही समाजवादी मान डोलावील. परंतु त्याच पुस्तकात मेक्सिकन, मूळ अमेरिकी आणि कृष्णवर्णीय मुलांचे गुण कमी आले, तेव्हा टर्मन यांना परिस्थिती दिसली नाही. तेथे त्यांनी वंशाकडे बोट दाखवले. एकच माणूस, एकच चाचणी आणि एकच ग्रंथ. आपल्या वर्गातील आणि आपल्या घरातील मुलींच्या बाबतीत संधी हे कारण, आणि मळ्यांत राबणाऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत रक्त हे कारण. चाचणी बोलत नाही. चाचणीच्या निकालाचा अर्थ लावणारा बोलतो, आणि तो आपल्या वर्गाच्या जागेवरून बोलतो.

पुढे १९३७ साली टर्मन आणि मेरिल यांनी या चाचणीची नवी आवृत्ती काढली. ज्या प्रश्नांत मुलगे आणि मुली यांच्या गुणांत मोठी तफावत पडते, ते प्रश्न अन्यायकारक ठरण्याचा संभव मानून त्यांनी सुरुवातीलाच वगळले. या एका कृतीचा अर्थ पुरेसा ध्यानात घेतला गेलेला नाही. मुलगे व मुली यांचा सरासरी बुद्ध्यंक जवळपास सारखा येतो, असे आपण वाचतो. हे सारखेपण प्रश्नांची निवड करतानाच साधलेले होते. निवड दुसरी केली असती तर आकडा मुलांच्या बाजूला झुकवता आला असता आणि मुलींच्या बाजूलाही झुकवता आला असता. तो समतोल ठेवावा हा निर्णय घेतला गेला, आणि तो निर्णय योग्यच होता. मग प्रश्न उरतो तो असा, की हाच न्याय गरिबाच्या मुलाला, खेड्यातील मुलाला, घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला का लागू झाला नाही? ज्या प्रश्नांत गवंड्याचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा यांच्यात मोठी तफावत पडते, ते प्रश्न मात्र ‘बुद्धीचे खरे निदर्शक’ म्हणून जागेवर राहिले.

महाराष्ट्रात ही चाचणी लवकर आली. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचणीचे कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर केले. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. वेक्सलर यांच्या चाचणीचे भारतीय रूप आर्थर मॅलिन यांनी नागपुरात सिद्ध केले आणि १९६९ साली प्रसिद्ध केले. या दोघांचे काम मोठ्या कष्टाचे होते. परक्या देशाचे माप जसेच्या तसे आपल्या मुलांना लावू नये, हा त्यांचा आग्रह खरा देशी होता. पण एक विसंगती आपण पोटात घालून बसलो आहोत. ‘बिने-कामत’ या जोडनावाने ओळखली जाणारी चाचणी आजही मुलांच्या तपासणीत वापरली जाते. ज्या मुलांच्या गुणांवरून त्या चाचणीचे मूळ प्रमाण ठरले, ती मुले स्वातंत्र्यापूर्वीची. त्या काळी किती मुली शाळेत होत्या आणि त्या कोणत्या घरांतून येत होत्या, हे निराळे सांगावयास नको. जुन्या शेरा-पायलीने आजचे धान्य मोजण्याचाच हा प्रकार आहे.

आता शिष्यवृत्ती परीक्षेच्या हिशेबाकडे वळू. अर्थशास्त्रात निर्देशांक काढताना कोणत्या वस्तूला किती भार द्यावयाचा, यावर सारे काही अवलंबून असते. धान्याचा भार कमी धरला की गरिबाची महागाई कागदावर उतरते. परीक्षेचेही तसेच आहे. २०१७ च्या रचनेप्रमाणे एकूण ३०० गुणांपैकी प्रथम भाषेला ५०, इंग्रजी अगर तृतीय भाषेला ५०, गणिताला १०० आणि बुद्धिमत्ता चाचणीला १०० गुण आहेत. म्हणजे मराठी शाळेतील मुलाने अगर मुलीने आपल्या भाषेत वाचून समजण्याची जी शक्ती कमावली, तिची किंमत एकूण गुणांच्या एकषष्ठांश. नवोदय विद्यालयांच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमतेला, २५ अंकगणिताला आणि २५ भाषेला आहेत. दोन्ही ठिकाणी दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचे असते. स्वतःचे एकही वाक्य लिहावे लागत नाही.

या भारांचा मुलामुलींशी संबंध काय, ते ‘असर’ या पाहणीवरून दिसते. ‘प्रथम’ संस्थेच्या साह्याने होणारी ही पाहणी २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींपुरती केली गेली. त्यात महाराष्ट्रातून नांदेड जिल्हा होता. दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेत वाचू शकणाऱ्या मुली देशात ७६ टक्के होत्या आणि मुलगे ७०.९ टक्के होते. अंकगणितात आणि इंग्रजी वाचनात मात्र मुलगे पुढे होते. वाचनात मुली पुढे असणे ही जगभर आढळणारी गोष्ट आहे. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली विकसित देशांच्या सरासरीत पंधरा वर्षांच्या मुली वाचनात मुलांपेक्षा सुमारे ३० गुणांनी पुढे होत्या. तसेच २०१८ साली रिअर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे ८० लाख विद्यार्थ्यांच्या गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे पर्यायी प्रश्न अधिक तेथे मुलांचे पारडे वर जाते, जेथे लिहून उत्तर द्यावयाचे प्रश्न अधिक तेथे मुलींचे, असे त्यात दिसून आले.

याचा अर्थ मुली आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत मागे पडतात असा नव्हे. पुष्कळ मुली गुणवत्ता यादीत झळकतात. अर्थ एवढाच, की ज्यात मुली पुढे आहेत त्याचे वजन कमी, आणि ज्यात मुलांना अधिक सराव मिळतो त्याचे वजन जास्त. जी चढते तिला चढावर चढावे लागते. आणि या कामगिरीचे शब्दांत वर्णन कसे होते, हेही पाहिले पाहिजे. मुलगी चांगले वाचते तेव्हा ती ‘मेहनती’ असते, तिचे ‘पाठांतर चांगले’ असते. मुलगा वाचनात मागे असतो तेव्हा तो ‘हुशार आहे, पण उनाड’ असतो. एकाचे अपयशही बुद्धीच्या खात्यावर जमा होते, दुसरीचे यश कष्टाच्या खात्यावर. हे शब्द मुलांच्या कानांवर फार लवकर पडतात. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले, की पाच वर्षांच्या मुली ‘फार फार हुशार’ माणूस म्हणून आपल्यासारख्या बाईला मुलांइतक्याच सहजतेने निवडतात. सहाव्या-सातव्या वर्षी मात्र ही निवड कमी होते. मधल्या एका वर्षात बुद्धी घटत नाही. समाज आपले मत पोचवून मोकळा होतो.

आकृत्या जुळविणे, घडी उलगडणे, तुकड्यांतून चित्र पुरे करणे या प्रकारांत मुलगे उपजतच सरस असतात, असे एक मत आहे. त्याचा पडताळा आपल्या देशातच पाहावयास मिळाला आहे. ईशान्य भारतात मातृवंशीय खासी आणि पितृवंशीय कार्बी हे दोन समाज एकमेकांच्या शेजारी राहतात. हॉफमन, ग्नीझी आणि लिस्ट या संशोधकांनी तेथील सुमारे १,३०० माणसांना चार तुकड्यांचे कोडे जुळवावयास दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा. कार्बी पुरुषांना कार्बी स्त्रियांपेक्षा ३६ टक्के कमी वेळ लागला. खासी समाजात, जेथे मालमत्ता स्त्रियांच्या हाती असते आणि मुलींच्या शिक्षणात भेद कमी असतो, तेथे स्त्री-पुरुषांच्या वेळात फरकच आढळला नाही. मालमत्तेचा आणि शिक्षणाचा हक्क बदलला की ‘उपजत’ म्हटलेला फरक विरून जातो, याहून बोलका पुरावा समाजवाद्याला कोणता हवा?

सराव म्हणजे अखेर वेळ, आणि वेळ हीही संपत्तीच आहे. तिची वाटणी घरात कशी होते, हे २०२४ च्या केंद्रीय काळ-उपयोग पाहणीने दाखवले. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाकाठी २८९ मिनिटे जातात, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. ही विभागणी लग्नानंतर सुरू होत नाही. पाणी भरणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, आई कामावर गेली की चूल पाहणे, ही मुलीची शाळेबाहेरची शाळा आहे. मैदान, सायकल, मित्रांबरोबर केलेली मोडतोड आणि जोडणी हे मुलाच्या वाट्याला येते. शिकवणीचे पैसे एकालाच पुरणार असतील तर ते कोणासाठी खर्च होतात, हे प्रत्येक कार्यकर्ता आपल्या वस्तीत पाहतो. मग परीक्षेच्या दिवशी दोघांपुढे एकच आकृती ठेवून आपण म्हणतो, पाहा, स्पर्धा अगदी समान आहे.

वाचनाच्या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. वाचनात अडखळणारी मुलगी कोणाला दिसते? १९१३ साली लीटा हॉलिंगवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रीने एक गोष्ट उघड केली. मंदबुद्धी म्हणून संस्थांत दाखल झालेल्यांत पुरुष अधिक होते आणि त्यावरून पुरुषांची बुद्धी दोन्ही टोकांना अधिक पसरलेली असते, असा सिद्धांत मांडला जात होता. हॉलिंगवर्थ यांनी दाखवले, की मंद मुलगा रोजगार मिळवू शकत नाही म्हणून तो चटकन नजरेस येतो. मंद मुलगी घरात धुणीभांडी करीत राहते आणि तिची तपासणी करावी असे कोणाला वाटतच नाही. पुढील वर्षी न्यूयॉर्कमधील १,००० मुलगे आणि १,००० मुली अशा नवजात अर्भकांची मापे घेऊन, जन्मतः मुलांत अधिक विविधता असते या समजालाही त्यांनी आधार उरू दिला नाही.

याच गोष्टीचा प्रत्यय १९९० साली पुन्हा आला. सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील दुसरीच्या मुलांची पाहणी केली. शाळांनी वाचन-अडचण म्हणून निवडलेल्यांचे प्रमाण मुलांत १३.६ टक्के, तर मुलींत अवघे ३.२ टक्के होते. संशोधकांनी सर्व मुलांना सारखीच चाचणी दिली तेव्हा हे प्रमाण मुलांत ८.७ आणि मुलींत ६.९ टक्के निघाले. शिक्षक दंगेखोर मुलाला तपासणीस पाठवतात. गप्प बसून पुस्तकाकडे पाहत राहणारी मुलगी ‘शहाणी’ म्हणून पुढल्या वर्गात ढकलली जाते. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, ही या राज्याला भूषणावह गोष्ट आहे. पण सवलतीसाठी दाखला हवा, दाखल्यासाठी बुद्ध्यंकासह तपासण्या हव्यात, तपासण्यांसाठी शहरातील रुग्णालयात खेपा हव्यात, आणि त्याही आधी ही मुलगी अडली आहे हे कोणाच्या तरी ध्यानात यावयास हवे. वेल्हे-मुळशीच्या डोंगरातील वाडीवरची मुलगी यातील पहिली पायरी तरी कशी चढणार? तिच्यासाठी दाखल्याऐवजी नापासाचा शिक्का असतो, आणि त्या शिक्क्यामागोमाग लग्न.

मुली पुढे गेल्यास माप बदलते, याचाही इतिहास आहे. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी घेतल्या जाणाऱ्या निवड परीक्षेवर निवडक माध्यमिक शाळांतील प्रवेश अवलंबून असे. बर्मिंगहॅम शहरात अशा शाळांत मुलांसाठी सुमारे ५४० जागा होत्या, मुलींसाठी सुमारे ३६०. साहजिकच प्रवेशासाठी मुलीला मुलापेक्षा अधिक गुण मिळवावे लागत. १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने हा बेकायदेशीर भेदभाव ठरवला. बुद्धिमापनाच्या माहेरघरी ही स्थिती होती. गुण समोर असतानाही जागा मुलांसाठी राखल्या जात होत्या. आपल्या नवोदय विद्यालयांत किमान एक तृतीयांश जागा मुलींना आहेत, ही तरतूद याच्या उलट दिशेची आणि स्वागतार्ह आहे. मात्र ‘किमान’ हा शब्द व्यवहारात ‘कमाल’ होत नाही ना, यावर जागरूक पालकांनी आणि पंचायत सदस्यांनी डोळा ठेवला पाहिजे.

मुले जे वाचतात त्यातील मजकुराचा प्रश्नही याच साखळीतला आहे. नरेंद्रनाथ कालिया यांनी १९७९ साली हिंदी आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांतील धड्यांत आलेल्या ४६५ व्यवसायांपैकी ३४४ व्यवसायांत एकही स्त्री नव्हती. ज्या पुस्तकातून मुलगी वाचावयास शिकते त्याच पुस्तकातून ती आपली जागाही वाचते. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आईबाप दोघेही बसून भाजी निवडीत आहेत असे चित्र दिले, तेव्हा वृत्तपत्रांतून त्याची चर्चा झाली. एका साध्या चित्राची बातमी व्हावी, यातच आधीच्या चित्रांविषयीचा सारा अभिप्राय आला. १९६२ मध्ये नेमलेल्या हंसा मेहता समितीने मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असू नये असे सांगितले आणि कोठारी आयोगाने ते उचलून धरले. अभ्यासक्रम कायद्याने एक झाला. मनातील अभ्यासक्रम अजून दोन आहेत.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा, की मग चाचण्या बंदच कराव्यात काय? मुळीच नाही. काटा खोटा निघाला म्हणून शेतकरी धान्य अंदाजाने विकीत नाही. तो काटा तपासून घेण्याची मागणी करतो. चाचणी नसेल तर निवड ओळखीवर, आडनावावर आणि बोलण्याच्या ढबीवर होईल, आणि त्यात गरिबाच्या मुलीचे नुकसान अधिकच होईल. वर्गातील सर्व मुलांना सारखीच चाचणी दिल्यामुळेच कनेटिकटमधील दुर्लक्षित मुली सापडल्या, हे विसरून चालणार नाही. चाचणी कोणाला बाहेर काढण्यासाठी वापरावयाची की कोणाला मदत पोचविण्यासाठी, हा निर्णय राजकीय आहे. बिने यांचा मूळ हेतू दुसरा होता, आणि आपण त्याकडे परतले पाहिजे.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो. मुख्य प्रश्न वर्गाचा आणि जातीचा असताना मुलामुलींच्या गुणांची चर्चा ही मध्यमवर्गीय चैन नव्हे काय? टर्मन यांच्या पुस्तकाने याचे उत्तर आधीच दिले आहे. स्त्रीला परिस्थितीचा लाभ आणि श्रमिकाला रक्ताचा दोष, अशी वाटणी जो करतो तो दोघांनाही एकमेकांपासून तोडतो. ऊसतोड कामगाराची मुलगी एकाच वेळी मुलगी आहे, श्रमिकाची आहे, बहुधा मागास जातीची आहे आणि हंगामात शाळा सुटलेली आहे. तिच्या कमी गुणांची कारणे चार कप्प्यांत वाटता येत नाहीत. तसेच, श्रमिक वस्तीतील जो मुलगा वाचनात मागे राहतो त्याला ‘मुलगेच ते, वाचनात रमत नाहीत’ असे म्हणून सोडून देणे हाही अन्यायच आहे. पूर्वग्रहाची किंमत मुलगी भरते तशी तोही भरतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी तक्रार केली होती, की कर रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या प्रत्येक निवड परीक्षेला आजही तोच प्रश्न विचारावा लागतो.

तेव्हा आपल्या मागण्या मोजक्या आणि नेमक्या असाव्यात. शिष्यवृत्ती परीक्षेचे निकाल मुलगा-मुलगी, ग्रामीण-शहरी आणि सामाजिक गट यांनुसार प्रसिद्ध व्हावेत, आणि तेही प्रश्नवार. ज्या प्रश्नात एखादा गट ठळकपणे मागे पडतो, त्याची तपासणी तज्ज्ञांनी करावी व तिचा अहवाल लोकांपुढे यावा. १९३७ साली जे स्त्री-पुरुष भेदाबाबत करता आले, ते आता जात, वर्ग आणि बोली यांबाबतही करून दाखवावे. भाषेचा भार वाढवावा आणि मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावे असे काही प्रश्न असावेत. दाखल्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या बुद्धिमापन चाचण्यांची प्रमाणे आजच्या मराठी मुलामुलींवर, खेड्यांसह, नव्याने ठरवावीत. प्रत्येक सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या अखेरीस सर्व मुलांची वाचन-तपासणी व्हावी, आणि जे अडले असतील त्यांना शिक्का न मारता शिक्षक मिळावा.

मागण्यांबरोबर कामही आहे. ते उद्यापासून करता येईल. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना एकत्र बसवून मोठ्याने वाचन घ्यावे. साने गुरुजींच्या कथामालेने मुलांना ऐकावयास शिकवले. आता त्यांना वाचून दाखवावयास लावू या. वाचनाच्या वेळी धाकट्या भावंडांना सांभाळण्याची व्यवस्था कार्यकर्त्यांनी करावी, नाहीतर मुली येणारच नाहीत. गप्प बसणाऱ्या मुलीला आधी वाचावयास सांगावे. ती अडखळली तर तिच्या घरी जाऊन आईशी बोलावे आणि शाळेत पाठपुरावा करावा. आणि कोणी तिला ‘मेहनती’ म्हटले, तर ‘हुशारही आहे’ एवढे दोन शब्द जोडावेत. हे काम लहान दिसते. पण संघटित झाल्यावर शेतकऱ्याने काटा तपासून घ्यावयास जशी सुरुवात केली, तशीच सुरुवात शाळेच्या काट्याबाबत आपल्याला करावयाची आहे, आणि ती पुण्यातूनच झाली पाहिजे.